घरातल्या अँटेनावर टीव्ही नीट दिसतो का? माझे सहा आठवडे

ज्यांना घाई आहे त्यांना आधीच सांगते, हो, दिसतो. पण टीव्हीच्या मागे लावून नाही, आणि खोक्यावर लिहिलंय म्हणून तर अजिबातच नाही. ज्यांना घाई नाहीये त्यांनी पुढचं वाचा, कारण मला हे कळायला २ फेब्रुवारी ते १६ मार्च एवढा वेळ लागला, मधे एक अँटेना दुकानात परत गेला, एक केबल वाया गेली आणि बाबांचं तीनदा "राहू दे गं, मी रेडिओ ऐकतो" असं म्हणून झालं.

जानेवारीच्या शेवटी आम्ही घर बदललं. भाड्याचं घर, चार मजली इमारत, आम्ही तिसऱ्यावर. टीव्हीचं महिन्याचं पॅकेज जुन्या घरासोबतच बंद केलं होतं, कारण घरात टीव्ही बघणारं माणूस एकच, बाबा, आणि ते बघतात बातम्या, खेळ आणि जुने सिनेमे, आणि त्यातलं बरंचसं हवेतून फुकट येतंच. भिंतीवर अँटेनाचं सॉकेट होतं त्यामुळे मी निश्चिंत. २ तारखेला टीव्ही लावला, सॉकेटला वायर जोडली, स्कॅन केलं, शून्य चॅनेल. परत केलं, परत शून्य. शेवटी सॉकेटचं झाकण उघडलं तर मागे केबल होती, पण ती कुठं जाते ते कुणालाच माहीत नव्हतं. शेजारच्या काकू म्हणाल्या की गच्चीवर सगळ्यांचा मिळून एक अँटेना होता, छताच्या दुरुस्तीत काढला तो परत बसवलाच नाही. घर बघायला जातो तेव्हा आपण नळ सोडून बघतो, दिवे लावून बघतो, हे सॉकेट कुणी बघत नाही. बघा.

४ तारखेला घरमालकांना मेसेज केला की गच्चीवर छोटा अँटेना लावू का. दुसऱ्या दिवशी उत्तर, माझी हरकत नाही पण गच्ची माझी नाही, इमारतीच्या व्यवस्थापनाला विचारा. तिथं गेले तर दोन पानी अर्ज! अँटेनाचं वजन, लांबी-रुंदी, केबल कुठल्या भिंतीवरून खाली येणार त्याचं चित्र, बसवणाऱ्याचा विमा आहे का, घरमालकाचं लेखी संमतीपत्र आणि घर सोडताना सगळं काढून भिंत होती तशी करून देईन असं हमीपत्र. म्हटलं अहो अजून अँटेना घेतलाच नाही तर वजन कुठून सांगू, तर म्हणे अंदाजे लिहा. अंदाजे लिहिलं. उत्तराला चार ते सहा आठवडे लागतील म्हणाले. अर्जाची पोच मागितली तर क्लार्कने जरा विचित्र नजरेने बघितलं पण शिक्का मारून दिली. पोच घ्याच, ती का ते पुढे येईल.

सहा आठवडे बाबांना टीव्हीशिवाय ठेवायचं म्हणजे मला घरात राहणं कठीण, म्हणून ७ तारखेला दुकानातून घरात लावायचा अँटेना आणला. कागदासारखा पातळ, चौकोनी, भिंतीला चिकटवायचा, सोबत सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'एचडी', 'फोर-के' आणि रेंज ३०० किलोमीटर. पैशांचा आकडा देत नाही कारण तो जागोजागी वेगळा असणार, पण प्रमाण सांगते, दुकानातल्या सगळ्यात साध्या घरगुती अँटेनाच्या हा साडेतीन पट महाग होता. मी महागडा घेतला कारण महागडा आहे म्हणजे चांगला असेल. बस, एवढाच विचार केला होता.

संध्याकाळी टीव्हीच्या मागे भिंतीला चिकटवला (दिसायला नको ना), स्कॅन केलं, ११ चॅनेल आले. घरात जल्लोष. बाबांनी बातम्या लावल्या आणि साधारण चार मिनिटांनी निवेदिकेचा चेहरा चौकोन चौकोन होऊन अडकला, आवाज टर्र टर्र झाला आणि मग काळी पाटी, 'सिग्नल नाही'. मग परत आला. मग परत गेला. मी अँटेना हातात धरून उभी राहिले की चित्र एकदम झकास, भिंतीला चिकटवला की गायब. रात्री दहापर्यंत मी आणि चिरंजीव आळीपाळीने पुतळ्यासारखे उभे होतो.

बाबा म्हणाले, "आमच्या वेळी वर चढून फिरवायचो, आलं का, आलं का ओरडायचो, पण मुंग्या मुंग्या का होईना दिसायचं तरी. हे तुमचं एकतर सगळं नाहीतर काहीच नाही."

गंमत म्हणजे बाबांनी नकळत नेमकं दुखणं सांगितलं होतं, ते मला दुसऱ्या दिवशी दादाला फोन केल्यावर कळलं. माझा मोठा भाऊ हौशी रेडिओवाला आहे, लायसन्सवाला, त्याच्या खोलीत वायरींशिवाय काही दिसत नाही. तो म्हणाला की जुन्या अॅनालॉगमध्ये सिग्नल जसजसा कमी होतो तसतसं चित्र बिघडत जातं, म्हणून मुंग्या, म्हणून सावल्या. डिजिटलमध्ये चित्रासोबत दुरुस्तीची जादा माहितीही पाठवतात, टीव्ही चुका दुरुस्त करत करत चित्र अगदी स्वच्छ दाखवत राहतो, आणि चुका एका हद्दीबाहेर गेल्या की एकदम कड्यावरून खाली. त्यामुळे डिजिटल चित्र 'बऱ्यापैकी' असं नसतंच. स्वच्छ दिसतंय म्हणजे सिग्नल दणकट आहे असंही नाही, तुम्ही कड्याच्या टोकावर उभे असू शकता आणि मागून कुणी नुसतं चालत गेलं तरी पडता. माझे ११ चॅनेल तसेच टोकावर उभे होते.

मग त्याने विचारलं, "टॉवर कुठंय?"

मी म्हटलं, कुठला टॉवर?

दोन सेकंद शांतता. मग म्हणाला, "आधी टॉवर कुठं ते बघ, मग अँटेनाचं बोलू."

तर ९ तारखेला मी टॉवर, म्हणजे टीव्हीचं प्रसारण जिथून सुटतं तो, शोधला. प्रसारणवाल्यांच्या आणि हौशी लोकांच्या वेबसाइटवर नकाशे असतात, आपला पत्ता टाकला की कुठला टॉवर, किती लांब, कुठल्या दिशेला, आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीवर काय येतं हे सगळं मिळतं. आमचा निघाला ३१ किलोमीटरवर, ईशान्येला, उंची १५० मीटर. फोनचा कंपास घेऊन दिशा बघितली तर ती ईशान्य भलतीकडेच, मी अर्धा दिवस अँटेना जवळजवळ उलट्या बाजूला तोंड करून ठेवला होता आणि मग लक्षात आलं की फोन टीव्हीच्या स्पीकरजवळ धरला होता, स्पीकरमध्ये लोहचुंबक. कंपास बघायचा तर खोलीच्या मधोमध बघा, आणि खात्री करायला खिडकीतून शेजारच्या इमारतींच्या छपरांकडे बघा. तिथले अँटेना कुठं तोंड करून आहेत आणि त्यांच्या दांड्या आडव्या आहेत की उभ्या हेही दिसतं. टॉवर लहरी आडव्या सोडतो का उभ्या, त्याप्रमाणे दांड्या लावलेल्या असतात आणि घरातलाही तसाच लावायचा असतो. आमच्याकडे सगळे आडवे होते. ही माहिती एकदम फुकट आणि बहुतेक वेळा बरोबर, कारण छपरावरचा माणूस पैसे घेऊन योग्य दिशा लावून गेलेला असतो.

खोक्यावरच्या ३०० किलोमीटरचं दादाने तेव्हाच हसून वाटोळं केलं. टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे, संपलं. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, साधारण ४ ने गुणायचं, तेवढे किलोमीटर क्षितिज. १५० मीटरच्या टॉवरचं ५० किलोमीटर, आमच्या तिसऱ्या मजल्याचं म्हणजे ९ मीटरचं १२, दोन्ही मिळून ६२ च्या आसपास, तेही मधे टेकडी-इमारत काही नसेल तर. हवामान विशिष्ट असेल तेव्हा लहरी वाकून लांब जातात, पण त्याने रोजच्या बातम्या दिसत नाहीत, उलट लांबचं स्टेशन आपल्यात घुसून दोन दिवस चित्र फाटतं. आणि 'डिजिटल अँटेना', 'एचडी अँटेना' असं काही नसतंच म्हणे. अँटेना म्हणजे ठरावीक लांबीचा धातू, त्यातून अॅनालॉग येतंय का फोर-के येतंय हे त्याला कळतही नाही. छपरांवरचे ते माशाच्या काट्यासारखे अँटेना यागी आणि उदा नावाच्या दोन जपानी संशोधकांनी १९२६ मध्ये मांडले आणि ते आजही तसेच्या तसे डिजिटलला चालतात.

मग मी विचारलं, जर ३१ किलोमीटर आहे आणि टॉवर उंच आहे तर माझ्याकडे का येत नाही? इथं मला पहिल्यांदा प्रकरण कळलं. प्रसारणवाले जो 'इथं सिग्नल पोचतो' असा नकाशा काढतात तो साधारण जमिनीपासून १० मीटर उंचीवरच्या, छपरावरच्या, टॉवरकडे तोंड केलेल्या अँटेनासाठी. घरातल्याला तेवढ्यात भिंती पार करायच्या असतात. हे डेसिबलमध्ये मोजतात, ३ डेसिबल गेले म्हणजे ताकद अर्धी, १० गेले म्हणजे दहावा हिस्सा, २० गेले म्हणजे शंभरावा. भिंत, सळया, त्यात छोटा अँटेना, असं करत करत घरात येईपर्यंत शंभरावा हिस्सा उरणं काही विशेष नाही. आणि माझा टीव्ही कुठं, तर घराच्या नैऋत्य भिंतीवर, म्हणजे टॉवरपासून सगळ्यात लांब, मधे एक काँक्रीटची भिंत आणि लिफ्ट. अँटेना टीव्हीच्या मागे म्हणजे अँटेनाच्या पुढ्यात परत टीव्हीचा पत्रा.

"अगं तू घरातली सगळ्यात वाईट जागा शोधून काढलीस," दादा म्हणाला.

अँप्लिफायरबद्दल माझा भ्रम मात्र टीव्हीनेच घालवला. टीव्हीच्या मेनूत सेटिंग, मग चॅनेल, मग मॅन्युअल ट्यूनिंग असं आत आत गेलं की दोन पट्ट्या दिसतात, एक ताकदीची आणि एक क्वालिटीची. अँप्लिफायर लावला की ताकद ९२, क्वालिटी ३०. काढला की ताकद ५५, क्वालिटी... ३१. म्हणजे पैसे देऊन मी आवाज मोठा केला होता, शब्द तितकेच अस्पष्ट. जो सिग्नल अँटेनापर्यंत आलाच नाही तो अँप्लिफायर तयार करू शकत नाही, तो सिग्नलसोबत गोंगाटही वाढवतो आणि स्वतःचा थोडा घालतो. केबल खूप लांब असेल किंवा एक केबल दोन-तीन टीव्हींना वाटायची असेल तर त्याचा उपयोग, टॉवर अगदी जवळ असेल तर उलट जास्त सिग्नलने टीव्ही गुदमरतो. हे टक्के प्रत्येक कंपनीचे आपापले असतात, माझे ६० म्हणजे तुमचे ६० नव्हेत, फक्त आपल्याच टीव्हीवर आधीचं-नंतरचं ताडून बघायचं. आणि ताकद बघू नका, क्वालिटी बघा. हे वाक्य मला कुणी ७ तारखेला सांगितलं असतं तर! (एक राहिलं, अँप्लिफायरवाला अँटेना त्याची वीज बंद ठेवून वापरला तर साध्यापेक्षाही वाईट चालतो, कारण बंद अँप्लिफायर सिग्नल अडवून बसतो. काही टीव्हींच्या आणि सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत अँटेनाला ५ व्होल्ट द्यायचं सेटिंग असतं, ते बघून घ्या.)

१२ तारखेला अँटेना परत केला. दुकानाची मुदत ३० दिवस होती पण अट अशी की मूळ खोकं, सगळी प्लास्टिकं आणि मागचं चिकटपट्टीचं पाकीट न उघडलेलं. पाकीट अर्थातच उघडलं होतं. काउंटरवर वीस मिनिटं गेली, शेवटी पट्टीचे पैसे कापून बाकीचे मिळाले, तेही सहा दिवसांनी खात्यावर. त्याच दुकानातून सगळ्यात साधा घेतला, अँप्लिफायर नसलेला, बुडाशी वजन असलेला, टेबलावर ठेवायचा छोटा यूएचएफ (म्हणजे टीव्हीच्या वरच्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्याचा) अँटेना. आणि १० मीटर केबल.

केबलवर थोडं बोलते कारण माझी पहिली केबल वाया गेली. स्वस्त, बारीक, काळी घेतली होती, ती वाकवली की क्वालिटी नाचायची. दादाने सांगितलं की ७५ ओहमची आरजी-६ घे, जाड असते, टीव्हीच्या फ्रिक्वेन्सीला १० मीटरमागे साधारण २ डेसिबल खाते, तेवढं परवडतं. तिला टोकाला एफ कनेक्टर लावायचा असतो, तो मी स्वतः लावला आणि जोडला तर शून्य, सगळं शून्य, दोन तास मी टीव्ही, अँटेना, नशीब सगळ्यांना दोष दिला आणि मग चिरंजीवांनी बॅटरी मारून दाखवलं, "आई, हा एक केस बघ." बाहेरच्या जाळीचा एक बारीक तार-तंतू मधल्या तांब्याच्या तारेला टेकला होता. शॉर्ट. चिमट्याने काढला, चालू. जाळी सोलून मागे दुमडताना एकही तंतू पुढे राहता कामा नये, भिंग घेऊन बघा, लाज बाळगू नका.

१४ फेब्रुवारी हा मुख्य दिवस. दादाने सांगितलं होतं की अँटेना उचलून घरभर फिर आणि लिहून ठेव, स्कॅन करत बसू नकोस. कारण ऑटो स्कॅनमध्ये आधीची यादी पुसली जाते आणि प्रत्येक वेळी दहा मिनिटं जातात. त्यापेक्षा मॅन्युअल ट्यूनिंगमध्ये फ्रिक्वेन्सी टाकायची, क्वालिटीची पट्टी समोर ठेवायची आणि अँटेना हलवायचा. आमच्या टॉवरवरून चार मल्टिप्लेक्स येतात. हे सिनेमावाले मल्टिप्लेक्स नाहीत, एका फ्रिक्वेन्सीवर पाच-सहा-दहा चॅनेल एकत्र गठ्ठा करून सोडतात त्या गठ्ठ्याला म्हणतात. म्हणून तर चॅनेल एकेक करून जात नाहीत, अख्खा गठ्ठा जातो किंवा अख्खा येतो. तुमच्याकडे नेहमी तेच पाच चॅनेल मिळून गायब होत असतील तर ते एका गठ्ठ्यातले आहेत, टीव्हीचा काही दोष नाही.

तर बाबा टीव्हीसमोर रिमोट घेऊन आकडे ओरडणार, मी अँटेना घेऊन फिरणार, चिरंजीव वहीत लिहिणार. चौदा जागा, चार गठ्ठे, चार तास. बाबा इतके रंगले होते की चहाही विसरले. टीव्हीच्या मागे, ३१ आणि बाकी शून्य. कपाटावर, ४८, ४०, ०, ०. उंच ठेवलं की फरक पडतो हे तिथंच दिसलं, तीच खोली, फक्त दीड मीटर वर. मग मला वाटलं बाल्कनीचं काचेचं दार सगळ्यात भारी असणार, चांगलं मोठं, बरोबर ईशान्येला. २८! दार उघडलं, ७४. बंद, २८. उघडं, ७४. बाबांना वाटलं मी चेष्टा करतेय. ते नवीन दुहेरी काचेचं दार होतं, ऊन आणि थंडी अडवायला त्या काचांवर डोळ्याला न दिसणारा धातूचा थर असतो, तो लहरीही तितक्याच इमानदारीने अडवतो. भिंतीत चकचकीत फॉइलवालं इन्सुलेशन असेल तरी हेच होतं. मागच्या छोट्या खोलीची जुनी एकेरी काचेची खिडकी मात्र बंद ठेवूनही ७१, ६८, ६६ आणि चौथा शून्य. म्हणजे दिसायला भव्य काच हरली आणि अडगळीची खिडकी जिंकली.

तिथंही एक मजा आहे. खिडकीच्या कट्ट्यावर अँटेना अर्धी वीत डावीकडे सरकवला की ७१ चे ५० व्हायचे, अजून अर्धी वीत सरकवला की परत वर. लहरी भिंतींवर, कपाटांवर आपटून परत येतात, सरळ आलेल्यात मिसळतात, कुठं एकमेकींना उचलतात कुठं मारतात. ६०० मेगाहर्ट्झची लहर ५० सेंटीमीटर लांब असते, तिच्या पाव भागावर म्हणजे १२-१३ सेंटीमीटरवर चांगल्याची वाईट जागा होऊ शकते. म्हणून 'खिडकीत लावला तरी येत नाही' म्हणून सोडून देऊ नका, खिडकीतल्या खिडकीत सरकवा. आणि एका गठ्ठ्याची उत्तम जागा दुसऱ्या गठ्ठ्याची नसते, कारण लहरीची लांबी वेगळी. मी तिघांनाही ६० च्या वर ठेवणारी जागा निवडली, एकाला ८० आणि दुसऱ्याला ४५ देणारी नाही. सापडली तिथं चौकटीवर पेन्सिलने दोन रेघा मारल्या, अँटेनाचं बूड इथं आणि टोक इकडे.

मग केबल भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीखालून, टीव्हीपर्यंत. भाड्याचं घर म्हणून खिळे नाही, चिकटवायच्या क्लिपा. यादी पुसून एकदाच पूर्ण स्कॅन केलं, २३ चॅनेल. पाऊस आला, वारा आला, बघितलं. समोरचं झाड ओलं झालं की क्वालिटी चार-पाचने उतरायची पण कड्यावरून पडलं काही नाही. पाच दिवस बाबांनी रेडिओचं नाव काढलं नाही.

१९ तारखेला संध्याकाळी सात वाजता चित्र फुटलं. २० ला परत सातलाच. २१ ला परत. मला वाटलं कुणीतरी शेजारी काहीतरी लावतोय, मोबाइलचा टॉवर असेल (तोही त्रास देतो, त्यांची फ्रिक्वेन्सी टीव्हीच्या शेजारी असते, त्याला अडवणारा फिल्टर मिळतो, म्हणून मी तो मागवायलाच निघाले होते). चिरंजीव त्या छोट्या खोलीत रोज सातला अभ्यासाला बसतो आणि टेबलावरचा एलईडी दिवा लावतो. १८ तारखेला नवीन आणलेला, स्वस्तातला. दिवा अँटेनापासून दोन फुटांवर. बंद केला, चित्र स्वच्छ. लावला, टर्र. तो दिवा बाहेरच्या खोलीत गेला आणि जुना परत आला, प्रश्न मिटला. घरातला त्रास शोधायचा तर मेन स्विचजवळ उभं राहून एकेक खोली बंद करत जा आणि कुणाला तरी पट्टी बघायला सांगा, फिल्टर त्यानंतर मागवा. माझा अर्ध्या दिवसाचा संताप वाचला असता.

राहिला चौथा गठ्ठा. त्यात बाबांचं जुन्या सिनेमांचं चॅनेल, म्हणजे प्रश्न जीवनमरणाचा. फ्रिक्वेन्सीच्या यादीत नीट बघितलं तर बाकीचे तीन ५०० ते ६०० मेगाहर्ट्झच्या दरम्यान, यूएचएफ, आणि हा एकटा २०० च्या आसपास, व्हीएचएफ, म्हणजे खालचा पट्टा. लहर दीड मीटर लांब. तिच्यासाठी दांडी निम्मी, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत ७५ सेंटीमीटर लागते आणि माझा अख्खा अँटेना होता ३० चा. छोट्या, सपाट, सुंदर अँटेनांची ही खोड कुणी खोक्यावर लिहीत नाही. तुमच्याकडे सगळं यूएचएफवर असेल तर हा परिच्छेद विसरा, पण एखादा गठ्ठा व्हीएचएफवर असेल तर घेण्याआधी बघा.

उपाय बाबांच्या खोक्यातून निघाला. त्यांनी जपून ठेवलेले जुने सशाचे कान, ओढून लांब करायच्या दोन दांड्या, मी तीन वेळा टाकून द्यायला निघालेले. प्रत्येक दांडी साडेसदतीस सेंटीमीटर ओढली, जवळजवळ आडवी पसरली, त्याची जुनी चपटी दुपदरी वायर ३०० ओहमची म्हणून ७५ ला जुळवणारा छोटा जोड (बालून) मधे लावला. क्वालिटी ५८. दोन अँटेना एका केबलला जोडायचे तर नुसता टी-जोड चालत नाही, एकमेकांचं खातात, व्हीएचएफ-यूएचएफ जोडणारा कंबाइनर मिळतो तो लावायचा, त्याला यायला आठ दिवस लागले. ५ मार्चला चारही गठ्ठे, ३१ चॅनेल. व्हीएचएफला घरातल्या विजेचा गोंगाट जास्त लागतो त्यामुळे मिक्सर लावला की जुना सिनेमा अजूनही अडखळतो. मिक्सर सिनेमाच्या आधी लावायचा असं ठरलंय.

एकूण खर्च परत केलेल्याच्या साधारण दोन तृतीयांश, चांगली केबल आणि कंबाइनर धरून, वाया गेलेली केबल आणि कापलेले पट्टीचे पैसे सोडून. छपरावरच्याची चौकशी केली होती, बसवण्यासकट ह्या खर्चाच्या सहापट सांगितले. तरी सांगते, आम्ही तळमजल्यावर असतो किंवा खिडकी टॉवरच्या उलट बाजूला असती किंवा टॉवर ५०-६० किलोमीटरवर असता, तर मी घरातल्या अँटेनाच्या नादी न लागता सरळ अर्जाच्या मागे लागले असते.

अर्ज! चार आठवडे झाले म्हणून ६ मार्चला विचारायला गेले तर तुमचा अर्ज सापडत नाही म्हणाले. पोच काढली, शिक्क्यावरचा नंबर दाखवला, दहा मिनिटांत सापडला, दुसऱ्या कुणाच्या पाइपलाइनच्या फाइलमध्ये होता. १६ मार्चला परवानगीचं पत्र आलं, सहा महिने मुदत, अंदाजे लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त वजन चालणार नाही अशी अट. पत्र फाइलला लावून ठेवलंय, पावसाळ्यात चौथा गठ्ठा कसा वागतो ते बघून ठरवू.

मागच्या रविवारी त्या खोलीचे पडदे धुवायला काढले आणि अँटेना बाजूला ठेवला. परत ठेवायला गेले तर बाबा आधीच तिथं चष्मा लावून वाकलेले, पेन्सिलच्या रेघा पुसट झाल्या होत्या म्हणून त्यावर बॉलपेनने गिरवत होते.